सासर, सासरा आणि पायथॉन

(द्वितीय वर्ष कला, मराठी)

‘मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीला संगणकाची भाषा कशाला हवी?’ हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला घरी, वर्गात आणि एस. टी.च्या थांब्यावरदेखील विचारला गेला. नीट उत्तर मला एकदाही देता आले नाही. म्हणून वर्षभरात प्रत्यक्ष काय घडले तेच येथे लिहून काढीत आहे. ज्यांनी पायथॉनची पहिली पायरी चढली आहे, म्हणजे पडद्यावर एखादे वाक्य उमटवणे, बेरीज करणे, तीच आज्ञा दहा वेळा फिरवणे एवढे ज्यांना येते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवताना मी कोठे घसरले ते कळले, तर त्यांचा थोडा वेळ वाचेल. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांतच लिहाव्या लागतात.

साहित्याच्या अभ्यासात यंत्र आणणे ही काही आजची टूम नव्हे. इटलीतील रॉबेर्तो बुसा नावाच्या जेझुइट पाद्र्यांना संत थॉमस अक्विनास यांच्या ग्रंथांतील प्रत्येक शब्दाची सूची करायची होती. १९४९ साली ते अमेरिकेत जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले, आणि पुढे सुमारे तीस वर्षांच्या खटाटोपानंतर त्या सूचीचे ५६ खंड छापून झाले. त्यांना शब्द नुसते मोजायचे नव्हते. एकाच शब्दाची वेगवेगळी विभक्तिरूपे मूळ शब्दाखाली आणायची होती. ते काम यंत्राला जमणारे नव्हते, माणसांनाच करावे लागले. हे मी वाचले होते, पण त्याचा अर्थ मला माझ्या आजीच्या ओव्यांनी शिकवला.

आमच्या विभागात दुसऱ्या वर्षाला एक छोटा प्रकल्प करावा लागतो. माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. जाते आता परसात पालथे पडलेले आहे, पण ओव्या आजीजवळ आहेत. जात्यावरच्या ओव्यांवर मोठे काम झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माझ्या वहीत १८६ भरल्या. प्रश्न साधा होता : आजीच्या ओव्यांत माहेर जास्त की सासर जास्त? बोटावर मोजता आले असते. पण पुढे अधिक ओव्या मिळाल्या तर तीच पद्धत चालावी, म्हणून पायथॉन घ्यायचे ठरले. निम्म्या ओव्या मी मोबाइलवर टंकित केल्या, निम्म्या माझ्या मैत्रिणीने महाविद्यालयाच्या संगणकावर. या वाटणीतच पुढच्या घोटाळ्याचे बीज होते, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

पायथॉन ही भाषा हॉलंडच्या गीडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. नावाचा अजगराशी संबंध नाही. बीबीसीवरच्या ‘माँटी पायथॉन’ या विनोदी मालिकेवरून ते घेतले आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून या भाषेतला सर्व मजकूर युनिकोडचा मानला जातो. त्यामुळे ‘ओवी’, ‘शब्द’ अशी नावेसुद्धा चलांना देता येतात. वहीत मी ओव्यांना देवनागरी आकडे घातले होते. ‘इंट’ या आज्ञेने ‘१८६’ हा मजकूर निमूटपणे संख्या म्हणून घेतला. मात्र आज्ञावलीतच देवनागरी आकडा उघडा लिहिला, तर चूक दाखवली जाते. फाइल उघडताना ‘यूटीएफ-८’ हे संकेतन स्पष्ट सांगावे, नाहीतर विंडोजवर मराठीच्या जागी भलतीच चिन्हे दिसण्याचा संभव असतो. तसेच श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकात टाइप केलेला मजकूर असेल, तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. हे झाले किरकोळ.

पहिला धक्का शब्द वेगळे करतानाच बसला. मजकुरातून नमुने शोधण्यासाठी पायथॉनमध्ये ‘आरई’ नावाचे साधन असते आणि ‘कोणताही शब्द’ यासाठी त्यात एक ठरावीक खूण असते. पुस्तकात दिल्याप्रमाणे ती वापरली आणि सर्वांत जास्त आलेले शब्द छापले. तर यादीत वर ‘म’, ‘स’, ‘क’, ‘र’! शब्द एकही नाही. कारण असे की, हे साधन अक्षरे आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग समजते. आपला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या हिशेबी अक्षरे नव्हेत, चिन्हे आहेत. त्यामुळे चिन्ह आले की शब्द तुटला. ‘माहेर’चे ‘म’, ‘ह’, ‘र’ असे तीन तुकडे झाले. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’. इंग्रजी मजकुरावर जे साधन वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, त्याने आपल्या भाषेचा असा चुरा केला, आणि गंमत म्हणजे चुकीचा संदेश एकही नाही. यंत्राच्या मते सारे ठीक होते.

‘रेजेक्स’ नावाचे वेगळे साधन बसवले तर ही अडचण येत नाही. मी तूर्त सोपा मार्ग घेतला : ‘स्प्लिट’ने मोकळ्या जागेवर ओळ तोडायची आणि ‘स्ट्रिप’ने शब्दाच्या कडेचे दंड, स्वल्पविराम काढून टाकायचे.

आता मोजणी. ‘काउंटर’ हे मोजणीचे तयार साधन आहे. ‘माहेर’ आले ११, ‘सासर’ ३. मी आनंदाने बाईंकडे गेले. बाईंनी कागद पाहिला आणि एवढेच विचारले, “अगं, मग ‘माहेरी’ आणि ‘सासरच्या’ कुठे गेले?” मराठी शब्द प्रत्यय लावून येतो, हे आठवीपासून शिकलेले, यंत्रासमोर बसल्यावर विसरले. म्हणून ‘स्टार्ट्‌सविथ’ ही आज्ञा घेतली. ‘माहेर’ने सुरू होणारे सगळे शब्द आणि ‘सासर’ने सुरू होणारे सगळे शब्द. या वेळी माहेर ४७, सासर ५२.

खरे सांगायचे तर हा आकडा मला आवडला. ओव्यांत माहेराचे गुणगान असते असे सगळेच म्हणतात, आणि माझ्या आजीच्या ओव्यांत मात्र सासर पुढे! चर्चासत्रासाठी निबंधाचे शीर्षकही मी मनाशी ठरवून टाकले होते. दोन दिवस मी त्या आकड्याच्या आनंदात होते, आणि त्या दोन दिवसांत तो तपासावा असे एकदाही मनात आले नाही. आवडता आकडा आला की तपासणी थांबते, आणि नावडता आला तर आपण दहादा पाहतो, हे मी स्वतःवरूनच सांगते.

घोटाळा उघडकीस आला तो योगायोगाने. सासऱ्यांचे उल्लेख वेगळे ठेवावेत म्हणून मी एका यादीला ‘सासऱ्या’ असे नाव देण्याचे ठरवले आणि तो शब्द माझ्याच फायलीतून उचलून आज्ञावलीत चिकटवला. पायथॉनने ताबडतोब अडवले : नावात न दिसणारे चिन्ह आहे, ते चालणार नाही. मी शब्द डोळे फाडून पाहिला. काही नाही! मैत्रिणीच्या फायलीतून तोच शब्द उचलला, तर बिनतक्रार चालला. मग ‘लेन’ या आज्ञेने दोन्हींची लांबी मोजली. तिचा ‘सासऱ्या’ ७, माझा ‘सासऱ्या’ ८. दिसायला तंतोतंत एक.

येथे थोडे थांबून या ‘ऱ्य’विषयी सांगितले पाहिजे, कारण हा खास मराठीचा प्रश्न आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाचे सांगायचे. पहिल्यात रफार, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा अर्धा र. संगणकावर हा अर्धा र लिहिण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत. एक, युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याला हलन्त जोडायचा. दुसरी, साधा र घेऊन त्याखाली नुक्ता द्यायचा आणि मग हलन्त. तिसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य चिन्ह, ज्याला ‘झीरो विड्थ जॉइनर’ म्हणतात. आपण त्याला शून्य रुंदीचा जोडक म्हणू. कोणता कळफलक कोणती रीत वापरील ते लिहिणाऱ्याला कळतही नाही. माझ्या मोबाइलने तिसरी वापरली होती, मैत्रिणीच्या संगणकाने पहिली. आज्ञावलीतल्या नावांत हे अदृश्य चिन्ह पायथॉन चालवून घेत नाही. पण वाचलेल्या मजकुरात ते आले तर अवाक्षर काढीत नाही.

आता माझ्या ५२ चे काय झाले ते पाहा. माझ्या फायलीतला ‘सासऱ्याला’ हा शब्द यंत्राच्या दृष्टीने स, काना, स, र असा सुरू होतो. म्हणून तो ‘सासर’मध्ये मोजला गेला. मैत्रिणीच्या फायलीतला ‘सासऱ्याला’ हा स, काना, स, ऱ असा सुरू होतो. म्हणून तो वगळला गेला. माझ्याकडची अशी रूपे ११ निघाली, तिच्याकडची ९. सगळ्या ओव्या मी टंकित केल्या असत्या तर सासर ६१ झाले असते; सगळ्या तिने केल्या असत्या तर ४१. पहिल्या हिशेबाने सासर माहेराच्या खूप पुढे, दुसऱ्याने मागे. आजीच्या आयुष्याविषयी मी जे विधान करायला निघाले होते, ते तिच्या ओव्यांवर नव्हे तर कळफलकावर ठरत होते.

उपाय काय? मैत्रिणीला कुणीतरी सांगितले की अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकावीत. तो सल्ला मराठीत घातक आहे. जोडक पुसला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगर पाण्यात जातात. म्हणून पुसायचे नाही, बदलायचे. ‘युनिकोडडेटा’ नावाच्या साधनात ‘नॉर्मलाइझ’ ही आज्ञा आहे. तिला ‘एनएफसी’ हा प्रकार सांगितला की र आणि नुक्ता यांची जोडी ‘ऱ’ या एका अक्षरात येते. परंतु जोडकाची रीत तिला कळत नाही. ते काम आपले आपणच करायचे. दोन्ही मिळून मी एक छोटे फंक्शन केले :

डेफ शुद्ध(ओळ):
    ओळ = युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ(‘एनएफसी’, ओळ)
    रिटर्न ओळ.रिप्लेस(जुने, नवे)

यात ‘जुने’ म्हणजे र, हलन्त, जोडक. आणि ‘नवे’ म्हणजे ऱ, हलन्त. फाइल वाचताक्षणी प्रत्येक ओळ यातून जाते, मगच पुढचे सारे. क्रम महत्त्वाचा आहे. पुढे एकदा मी शब्द वेगळे करण्यासाठी ‘देवनागरीच्या पट्ट्यातील चिन्हे’ असा नमुना लिहून पाहिला. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा पट्टा आहे, पण जोडक त्या पट्ट्याबाहेर राहतो. त्यामुळे शुद्धीच्या आधी तोडले तर शब्द जोडकाशी फुटतो आणि मागे एक अनाथ ‘या’ उरतो. शिवाय दंड आणि आकडे त्याच पट्ट्यात आहेत, ते वगळावे लागतात.

फंक्शन करण्याचा फायदा मला तेव्हा प्रथम कळला. पहिल्या पायरीवर असताना मी तीच पाच वाक्ये आज्ञावलीत चार ठिकाणी चिकटवीत असे. एका ठिकाणी दुरुस्ती केली की तीन ठिकाणी चूक तशीच राही. आता दुरुस्ती एकाच जागी होते. त्याच्याखाली ‘असर्ट’ या आज्ञेने मी सहा ओळी लिहिल्या आहेत. जोडकाचा ‘सासऱ्या’ शुद्ध केल्यावर ‘ऱ’चा ‘सासऱ्या’ मिळालाच पाहिजे, ‘दर्या’ हा ‘दर्या’च राहिला पाहिजे, अशा. यांतली एक जरी खोटी ठरली तरी आज्ञावली तेथेच थांबते. गणिताच्या पुस्तकात उदाहरण सोडवून झाल्यावर ताळा करतात ना, तसाच हा ताळा, फक्त तो दर वेळी आपोआप होतो.

एवढे करून सासर आणि सासरा वेगळे झाले काय? नाही. मला वाटले, ‘सासरा’ने सुरू होणारे सगळे शब्द सासऱ्यांचे समजावेत. पण व्याकरण आठवून पाहा. ‘सासरा’चे सामान्यरूप ‘सासऱ्या’ : सासऱ्याला, सासऱ्याने. आणि ‘सासर’ या नपुंसकलिंगी शब्दाचे सामान्यरूप ‘सासरा’ : सासराला, सासरात. म्हणजे ‘सासराला’ हे रूप घराचे, माणसाचे नव्हे! शिवाय ओवीत प्रत्यय गळतो. ‘माहेरा जाते’ म्हणतात, तसे ‘सासरा जाते’ही म्हणतात. नुसता ‘सासरा’ दिसला तर तो माणूस की घर, हे शब्दाच्या अंगावर लिहिलेले नसते. बुसा यांना माणसे का लागली, ते येथे समजले.

म्हणून मी ‘स्टार्ट्‌सविथ’ सोडून दिली आणि ‘डिक्शनरी’ घेतली. पायथॉनमधली डिक्शनरी म्हणजे डाव्या बाजूला खूण आणि उजव्या बाजूला तिची किंमत. डाव्या बाजूला प्रत्यक्ष ओव्यांत आलेले रूप, उजव्या बाजूला मूळ शब्द. रूपे हाताने लिहिली. वेळ लागला, पण काय मोजले जात आहे ते डोळ्यांसमोर राहिले. नुसत्या ‘सासरा’पुढे मूळ शब्द न लिहिता ‘शंका’ असे लिहिले.

दुसरा बदल मी याहूनही उपयोगाचा समजते. ‘काउंटर’ नुसता आकडा ठेवतो. त्याऐवजी ‘डिफॉल्टडिक्ट’ घेऊन प्रत्येक मूळ शब्दापुढे ओव्यांच्या क्रमांकांची यादी ठेवली. यादीची लांबी मोजली की आकडा मिळतोच. पण शंका आली तर ‘कोणत्या ओवीत?’ याचे उत्तरही हाताशी असते. पहिल्या वेळी मी आकड्याऐवजी यादी छापली असती, तर ५२ वरचा माझा आनंद दोन मिनिटेही टिकला नसता.

‘शंका’ या यादीत ८ ओव्या निघाल्या. त्या घेऊन मी आजीपाशी बसले. आजीला वाचता येत नाही. मी ओवीचा पहिला चरण वाचायचा आणि तिने पुढची सारी म्हणून दाखवायची. मी विचारले, “आजी, ह्यातला सासरा कोण?” तर म्हणाली, “आगं, सासरा म्हंजी मानूस, सासर म्हंजी घर. तुझ्या मशीनीला येवढं बी कळंना?” मग तिने एकेक ओवी म्हणून निकाल दिला : पाच ठिकाणी माणूस, तीन ठिकाणी घर. एका ओवीवर ती बराच वेळ थांबली, दोन वेळा म्हणून पाहिली, आणि मग म्हणाली, “घरच. मान्सापाशी कोन रडत जातंय?”

याच बैठकीत आणखी एक चूक सापडली, ती यंत्राची नव्हे, माझी. आजी ‘माहेर’ म्हणत नाही, ‘म्हायार’ म्हणते. मी ऐकले तसे ‘म्हायार’ लिहिले होते, मैत्रिणीने वहीवरून उतरवताना ते ‘माहेर’ केले होते. माझ्या फायलीतली १२ माहेरे मोजणीतून गळून गेली होती. ‘सासुर’ने सुरू होणारी सात रूपेही तशीच राहिली होती. ती सारी डिक्शनरीत घातली. प्रमाण भाषेत बदलायचे नाही, ऐकले तसेच ठेवायचे आणि मूळ शब्दाशी डिक्शनरीतून जोडायचे, असे आम्ही दोघींनी ठरवले. तिने उतरवलेल्या ओव्याही वहीशी ताडून पुन्हा लिहिल्या. मूळ मजकुराची फाइल आता वेगळी, कुलूपबंद म्हणावी अशी ठेवली आहे. आज्ञावली ती फक्त वाचते, तिच्यात काही लिहीत नाही.

हिशेब शेवटी असा आला. ‘सासर’चे पूर्वीचे ५२, त्यांतून सासऱ्याची ११ रूपे आणि नुसत्या ‘सासरा’पैकी ५ वजा, राहिले ३६, ‘सासुर’ची ७ मिळवून ४३. माहेर ४७ आणि १२ मिळून ५९. सासरा, म्हणजे माणूस, माझ्याकडचे ११, मैत्रिणीकडचे ९ आणि शंकेतले ५ मिळून २५. म्हणजे माहेरच पुढे. चर्चासत्राचे माझे शीर्षक गेले. बाईंना मी चुकलेला आकडाही दाखवला, कारण निबंधात तो कसा चुकला हे लिहायचे ठरवले होते. त्यांनी तेवढाच भाग वाढवायला सांगितला.

हे १८६ ओव्यांचे, एका घरातले, एका बाईच्या आठवणीतले आकडे आहेत. त्यावरून साऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांविषयी काही सांगण्याचा माझा दावा नाही. आजीची धाकटी बहीण शेजारच्या गावी असते. तिच्या ओव्या उन्हाळ्याच्या सुट्टीत उतरवायच्या आहेत, आणि तेव्हा डिक्शनरीत नसलेले रूप आले तर आज्ञावलीने ते गुपचूप सोडून न देता वेगळ्या यादीत टाकावे, अशी सोय केली आहे.

एक काम अजून अडले आहे. शब्दांची सूची निबंधाच्या शेवटी अकारविल्हे द्यायची आहे. ‘सॉर्टेड’ ही आज्ञा शब्द युनिकोडच्या क्रमाने लावते, आणि त्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. म्हणून सूचीत ‘काळ’ आधी आणि ‘कावळा’ मागाहून येतो. ‘सॉर्टेड’ला ‘की’ म्हणून आपले फंक्शन दिले की क्रम बदलता येतो. ळ चे काम झाले आहे. क्ष आणि ज्ञ शेवटी घ्यायचे की क आणि ज मध्ये, यावर मात्र आमच्या वर्गात दोन तट पडले आहेत, आणि निर्णय होईपर्यंत सूची तशीच आहे.